दोन खुणांमधलं तेल

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांच्या दारात फियाट उभी असे, त्यांना तिची दर आठवड्याची तपासणी आठवत असेल. इंजिन थंड असताना बॉनेट उघडायचं, डिपस्टिक ओढायची, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसून परत आत घालायची आणि पुन्हा काढून उजेडात आडवी धरायची. वरची खूण आणि खालची खूण यांच्यामध्ये तेल कुठवर आहे ते पाहायचं. कमी असलं की डिकीतला डबा काढून ओतायचं. रेडिएटरचं पाणी, बॅटरीचं पाणी आणि इंजिनचं तेल पाहिल्याशिवाय आमचे अण्णा गाडी बाहेर काढत नसत. महाबळेश्वरला जायचं असो की कोकणात, डिकीत बॅगांच्या आधी तेलाचा डबा, पाण्याचा कॅन आणि जादा फॅनबेल्ट जायचा.

गाडी ऑइल खाते याची कुणी तक्रार करत नसे. दोन फियाटवाले भेटले की एकमेकांना विचारत, ‘तुमची किती खाते?’ आणि उत्तर ऐकून आपलं बरं चाललंय की नाही ते ठरवत. साठ-सत्तर हजार किलोमीटर झाले की इंजिन उघडावं लागणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असे. पर्याय तरी कुठे होता? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून येणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याहून येणारी अॅम्बॅसेडर. त्यासाठीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. साठच्या दशकाच्या अखेरीस मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली होती, इतकी ओरड होती. पण एवढी वाट पाहून मिळालेली गाडी परत करणार कोण? जी आली ती आपली, असं म्हणून माणसं तिला सांभाळत.

सांभाळणं मात्र मनापासून असे. नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी चिठ्ठी लावलेली असे. पहिले काही हजार किलोमीटर गाडी दामटायची नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसतात, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक होतं. रिंगा बसल्या नाहीत तर तेल वर जाऊन जळणार आणि गाडी जन्मभर खात राहणार, हे कळायला अभियंता असावं लागत नव्हतं. गाडीच्या आत काय चाललंय याची एक ढोबळ समज मालकापाशी असे, आणि ती त्याला गाडीनेच शिकवलेली असे.

धूर हा त्या शिक्षणातला मोठा धडा होता. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, कार्बोरेटर बघा. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत जातंय, हेड गॅस्केट बघा. निळा धूर म्हणजे ऑइल. आणि निळ्यातही फरक. नाना पेठेतले आमचे मिस्त्री गाडी पाहण्याआधी अण्णांना विचारायचे, ‘‘साहेब, धूर घाट चढताना येतो की उतरून खाली आल्यावर?’’ चढावर, इंजिनावर जोर असताना येत असेल तर रिंगा गेल्या. खंडाळ्याचा घाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर पाय दिल्याबरोबर निळा ढग निघत असेल, तर व्हॉल्व्हचे गाइड ढिले झाले. उतारावर थ्रॉटल बंद असतो, इंजिनात ओढ तयार होते आणि ढिल्या गाइडमधून तेल आत खेचलं जातं; पुढे पाय दिला की ते जळतं. या एका प्रश्नाच्या उत्तरावर नुसतं हेड उतरवायचं की अख्खं इंजिन, ते ठरायचं, आणि मालकाचे पैसे वाचायचे. त्यासाठी त्यांच्यापाशी यंत्र नव्हतं. अनेक इंजिनं उघडून पाहिलेले डोळे होते.

इंजिन उघडायचं ठरलं की ब्लॉक बोअरिंगला जायचा. सिलिंडर झिजून किंचित अंडाकृती झालेला असे. तो कापून पुन्हा गोल करायचा आणि मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे. आधी वीस साइज, मग चाळीस, मग साठ. ब्लॉक परत आला की मिस्त्री नवी रिंग सुटी हातात घेत, सिलिंडरमध्ये ठेवत आणि उलट्या पिस्टनने हलकेच आत ढकलत, म्हणजे ती सरळ बसे. मग तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजत. फट कमी असेल तर रिंग तापल्यावर फुगून अडकेल, जास्त असेल तर तेल आणि दाब दोन्ही निसटतील. एकेका रिंगेला असं मोजून, बारीक कानशीने घासून, मग पिस्टनवर चढवताना त्यांची तोंडं एका रेषेत येणार नाहीत अशी फिरवून घेत. या कामाची पावती धड नसे. हमी म्हणून एकच वाक्य असे, ‘‘काही वाटलं तर घेऊन या, साहेब.’’ आणि गाडी नेली की ते खरंच बघत.

या साऱ्याची मला मनापासून ओढ आहे. तरीही त्या काळात मालकाच्या हाती हक्क नव्हता, हे विसरता येत नाही. मिस्त्री चांगला भेटला तर नशीब. कारखान्याने सदोष इंजिन दिलं तर खर्च आपलाच. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि गाडी रोज उघडून पाहायची नसते, हे मध्यमवर्गाला पहिल्यांदा कळलं. तेल कमी होईना, डिकीतला डबा गेला, फॅनबेल्ट गेला. पद्मिनी हळूहळू टॅक्सीपुरती उरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तीही गेली. आज कोथरूडच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन विचारलं, तर बहुतेकांनी आपल्या गाडीची डिपस्टिक पाहिलेलीही नसेल. काही नव्या गाड्यांना ती दिलेलीच नसते. पातळी पडद्यावर दिसते.

म्हणूनच नवी कोरी, वॉरंटीतली गाडी तेल खाऊ लागली की आजचा मालक गोंधळून जातो. माझ्या भाचीचं तसं झालं. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, दुसरं वर्ष. एकदा डॅशबोर्डवर तेलाचा दिवा लागला. तिने मला फोन केला, ‘‘मामा, खाली एक थेंब सांडत नाही, धूरही दिसत नाही. मग तेल जातं कुठे?’’ प्रश्न रास्त होता. आजच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. थोडं तेल जळलं तर त्याचा धूर तो बराचसा गिळून टाकतो. जो निळा ढग आम्हाला सगळं सांगायचा, तो आता दिसत नाही. आणि तेलाचा तो लाल दिवा बहुतेक गाड्यांत पातळीचा नसून दाबाचा असतो. तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

सर्व्हिस सेंटरवर तिला उत्तर मिळालं, ‘‘मॅडम, हे नॉर्मल आहे. टॉप-अप करून देतो, पुढच्या सर्व्हिसला बघू.’’ मॅन्युअलही उघडून दाखवलं. थोडं तेल प्रत्येक इंजिन खातं, हे खरंच आहे. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर राहिलाच पाहिजे आणि त्यातलं थोडं जळणारच. पण पुस्तिकेतल्या मर्यादा पाहा. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर म्हणतात, काही चक्क एक लिटर. आता हिशेब करा. सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला. हजाराला अर्धा लिटर म्हणजे दहा हजाराला पाच लिटर. छोट्या गाडीच्या इंजिनात तेल बसतं साधारण तीन ते साडेतीन लिटर. म्हणजे कंपनीच्या लेखी ‘मर्यादेत’ असलेलं इंजिन पुढच्या सर्व्हिसच्या कितीतरी आधी कोरडं पडेल. मधे कुणीतरी पातळी पाहणार हे त्यात गृहीत आहे, आणि ते कुणीतरी म्हणजे मालक. गाडी विकताना हे त्याला कुणी सांगत नाही. याचा मला राग येतो.

नव्या इंजिनांत हा दोष का यावा, तेही समजून घ्यायला हवं. मायलेज वाढवायचं तर घर्षण कमी करावं लागतं, म्हणून रिंगांचा ताण कमी केला. पूर्वी वीस-चाळीस ग्रेडचं जाड तेल असे, आता झिरो-वीससारखं पातळ. टर्बोमुळे तापमान वाढलं, तेल बदलण्याचं अंतर लांबलं. ऑइल रिंगने भिंतीवरून खरवडलेलं तेल पिस्टनमधल्या बारीक भोकांतून खाली परत जायचं असतं. ती भोकं कार्बनने बुजली, रिंग खाचेत चिकटली, की तेल वर जातं. हे मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीत घडलेलं आहे. अमेरिकेत २००७ ते २००९ या वर्षांच्या टोयोटा कॅम्रींच्या २.४ लिटर इंजिनांत तेल फार जळतं अशा तक्रारी वाढल्या. शेवटी २०१५मध्ये कंपनीने त्या दुरुस्तीपुरती वॉरंटी वाढवली. बाराशे मैलांत एक क्वार्टपेक्षा जास्त तेल गेलं तर पिस्टन आणि रिंगा बदलून मिळत. हा दर हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर पडतो. ती दुरुस्ती मालकांनी मोजमाप पुढे ठेवलं म्हणून मिळाली.

भाचीलाही मी तेच करायला सांगितलं. गाडी सपाट जागी उभी कर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांब, डिपस्टिकचा फोटो काढ आणि लगेच ओडोमीटरचा. ठरावीक अंतराने पुन्हा. टॉप-अप केलं तर किती, कोणत्या ग्रेडचं, हे जॉब कार्डवर लिहून घे आणि प्रत ठेव. बाहेर इंजिन उघडू नकोस, दुसऱ्या ग्रेडचं तेल घालू नकोस, एकही सर्व्हिस चुकवू नकोस, नाहीतर बोट तुझ्याकडेच वळेल. तक्रार तोंडी नको, ईमेलने कर, आणि वॉरंटीची तारीख उलटण्याच्या आत कर. मग ‘ऑइल कन्झम्प्शन टेस्ट’ लेखी माग. त्यात तेल वरच्या खुणेपर्यंत भरतात, झाकणाला आणि ड्रेन प्लगला सील किंवा रंगाची खूण करतात, हजारभर किलोमीटर चालवून गाडी परत मागवतात आणि उरलेलं तेल मोजतात. यात वाद उरत नाही. तिने हे सगळं चिकाटीने केलं. खप मर्यादेबाहेर निघाला आणि बऱ्याच पत्रव्यवहारानंतर पिस्टन-रिंगा वॉरंटीत बदलून मिळाल्या.

काम चालू असताना आम्ही पाहायला गेलो होतो. आयटीआय शिकलेल्या एका तरुण तंत्रज्ञाने जुना पिस्टन हातात दिला आणि म्हणाला, ‘‘ऑइल रिंग हलवून बघा, काका.’’ नखाने हलेना. काळ्या थरात ती दगडासारखी बसली होती. मग त्याने नव्या पिस्टनवरची रिंग बोटाने फिरवून दाखवली. त्या मुलाच्या आवाजात नाना पेठेच्या मिस्त्रींचीच कळकळ होती. ती नजर संपलेली नाही. काउंटर, संगणक आणि ‘नॉर्मल आहे’ यांच्या पलीकडे ती बसलेली आहे, आणि मालकाची तिच्याशी गाठच पडत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तीच आजची खरी कमाई आहे. याच पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा सदोष मालाविरुद्ध उभं राहायला ग्राहकासाठी वेगळा कायदा नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ला आला. त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा जुलै २०२०पासून लागू आहे. आता आपण जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तीही ऑनलाइन. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर दाद मागता येते. दोष तपासायची गरज असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. इंजिनात उत्पादनाचा दोष आहे असं नुसतं म्हणून मात्र तिथे भागत नाही. तज्ज्ञाचा अहवाल, जॉब कार्डं, मोजमापं लागतात. अण्णांच्या पिढीकडे रोजचं बारीक लक्ष होतं, पण ते घेऊन जायला जागा नव्हती. आपल्याकडे जागा आहे, आणि लक्ष आपण सोडून दिलं आहे.

मला दोन्ही हवं आहे. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने चावीला फुलं आणि फीत बांधण्याआधी मालकाला डिपस्टिक किंवा पडद्यावरची पातळी कशी पाहायची ते हाताने करून दाखवावं. तेलाच्या खपाची मर्यादा वॉरंटीच्या कागदावर, मराठीत, ठळक छापावी. टॉप-अप मालकासमोर मोजून करावं आणि लिहून द्यावं. आणि आपण मालकांनी महिन्यातून एकदा तरी बॉनेट उघडावं, जे दिसेल ते तारखेसह टिपून ठेवावं. वॉरंटी ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. तिचे पैसे गाडीच्या किमतीत आपण आधीच मोजलेले असतात, आणि मोजलेल्या पैशांचा हिशेब मागताना कुणी संकोच करू नये.