मोठ्याने म्हणत लिहिलेलं

मारामारीचा प्रसंग लिहून झाला की मी तो मोठ्याने वाचतो. जिथे धाप लागायला हवी तिथे लागली नाही, तर परिच्छेद पुन्हा लिहायला घेतो. ही सवय मी कॉननच्या साहसकथा लिहिणाऱ्या रॉबर्ट ई. हॉवर्डकडून घेतली.

कॉलेजात असताना मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर तो मला सापडला. जुन्या पेपरबॅकांच्या थप्पीत 'कॉनन द ॲडव्हेंचरर' होतं, अमेरिकेतल्या लान्सर बुक्सने १९६६ साली काढलेलं. मुखपृष्ठावर फ्रँक फ्रॅझेटाने रंगवलेला, प्रेतांच्या ढिगावर उभा असलेला रांगडा गडी. घेतलं ते या चित्रापायीच. पण लोकलमध्ये पहिली कथा उघडली आणि चित्र विसरलो. वेंध्याचा राजा मरणाच्या दारात आहे, दूर बसलेले मांत्रिक त्याचा आत्मा ओढून नेताहेत, आणि त्याची सुटका व्हावी म्हणून बहीण यास्मिना स्वतःच्या हाताने त्याला खंजीर खुपसते. नायक कॉननचा अजून पत्ता नाही आणि आपण पुरते अडकलेलो!

वेंध्या म्हणजे हॉवर्डच्या कल्पनेतला हिंदुस्थान. तो इकडे कधी आला नव्हता. १९०६ ते १९३६ एवढंच त्याचं आयुष्य, तेही टेक्सासमध्ये गेलं. कॉननच्या कथा त्याने क्रॉस प्लेन्स या छोट्या गावात लिहिल्या. हॅरल्ड लँब, टॅलबट मंडी यांच्या साहसकथा वाचून त्याने पूर्वेकडचा मुलूख रचला. नावं, धर्म, काळ यांची त्यात सरमिसळ आहे आणि आपल्याला ती खटकते. वाक्याचा दम मात्र अस्सल. 'वीअर्ड टेल्स' मासिक शब्दाला अर्धा-एक सेंट द्यायचं, तेही रखडत. त्या पैशांवर तो जगायचा, आणि टाइप करताना कथा मोठमोठ्याने म्हणायचा. शेजारपाजारी आवाज जाई, असं गावकऱ्यांनी सांगून ठेवलंय.

हे मी वाचलं पुष्कळ नंतर. कानाला ते आधीच जाणवलं होतं. त्याच पुस्तकात 'ड्रम्स ऑफ टोम्बाल्कू' नावाची कथा आहे. निम्म्याच्या आसपास तिची चाल बदलते. तलवारी चालूच असतात, पण वाक्यं समजावून सांगायला लागतात. हॉवर्डने ती अर्धवट सोडली होती, एल. स्प्रेग डी कॅम्पने पुरी केली. डी कॅम्प जाणता लेखक, कारण आणि परिणाम नीट जुळवणारा. हॉवर्ड मात्र वाचकाला मागे वळून बघूच देत नाही. तरी डी कॅम्पने या कथा गोळा करून पेपरबॅकात आणल्या नसत्या, तर त्या फाउंटनपर्यंत पोचल्या नसत्या. ते ऋण मी मानतो.

मराठीत हॉवर्डचा हा दम जमवायला वेळ लागला. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वार वाक्याच्या टोकाला बसतो. हॉवर्डची लांब, धावती वाक्यं तशीच उचलली तर घाव बसायच्या आधीच वाक्य दमतं. म्हणून मी चाहूल, पवित्रा, अंधार हे सगळं आधीच्या वाक्यात उरकतो आणि वाराला आखूड वाक्य ठेवतो.

त्याच्या कथांत मला सगळ्यात प्रिय आहे 'द टॉवर ऑफ द एलिफंट', १९३३ सालची. तरणा चोर कॉनन एक रत्न पळवायला मनोऱ्यात शिरतो, अजस्र कोळ्याला मारतो, आणि पुढच्या दालनात त्याला दिसतो हत्तीचं डोकं असलेला जीव. आपल्या मनात गणपती उभा राहतो. पण हा आंधळा आहे, छळून छळून मोडून टाकलेला. कॉनन आधी घाबरतो. मग माणसांनी केलेल्या या छळाची लाज त्यालाच वाटू लागते. हॉवर्ड इथे तलवार बाजूला ठेवतो आणि त्या जिवाला आपली हकिकत सांगू देतो, सावकाश, हवी तेवढी. नव्याने लिहिणाऱ्यांना मी हीच कथा आधी देतो, आणि देतो ती २००३ च्या डेल रे आवृत्तीतून, कारण त्या पानांवर दुसऱ्या कुणाचा हात फिरलेला नाही.