सुरूच्या बनातील सहावी टोपली

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत शाळेची सहल निघाली, तेव्हा मार्ग आखण्याचे काम इतिहासाचा शिक्षक म्हणून माझ्याकडे आले. फलटणहून वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून महाड. चवदार तळ्यावर अभिवादन. पुढे कुड्याची लेणी आणि शेवटी दिवेआगरचा समुद्र. कुड्याच्या शिलालेखांत एका मालाकाराचे, म्हणजे माळ्याचे, दानही कोरलेले आहे. ते मुलांनी पाहावे अशी माझी इच्छा होती. त्यांचे लक्ष मात्र समुद्राकडे. नीरा उजव्या कालव्यापलीकडे मोठे पाणी ज्यांनी पाहिले नाही, त्यांना दोष कसा द्यावा?

सामानात बुरुडाकडून घेतलेल्या नऊ टोपल्या आणि सहा चकत्या होत्या. चकत्या अमेरिकेत नोकरीस असलेल्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने पाठवलेल्या. या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. चेंडू-काठीऐवजी चकती, खळग्याऐवजी टोपली. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पडली पाहिजे. एड हेडरिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात याचे मैदान आखले. साखळ्या लावलेली लोखंडी टोपली नंतर आली.

गोल्फ हा शब्द ऐकून मी प्रथम चकत्या कपाटात ठेवल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे. माझे थोरले मामा उमेदीच्या काळात एका गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांच्या पिशव्या वाहत. कोणत्या उतारावर चेंडू कसा वळतो हे त्यांना तोंडपाठ होते. खेळण्यासाठी काठी मात्र कधी हाती आली नाही. आपल्या समाजाचा आणि मैदानांचा इतिहास बराचसा असाच आहे. पळवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांच्या सरावासाठी गोलंदाजी करीत. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, आणि तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. वर्गात हे शिकवताना माझा आवाज चढतो. मग मुलांच्या हाती आलेली चकती मीच कपाटात का ठेवावी?

दिवेआगरच्या किनाऱ्यालगत सुरूचे बन आहे. हे झाड मूळचे आपले नव्हे; इंग्रजी अमदानीत जळणासाठी आणि वारा अडवण्यासाठी ते किनाऱ्यांवर लावले गेले. त्याच्या बुंध्यांना आम्ही कमरेच्या उंचीवर सुतळीने टोपल्या बांधल्या. अंतरे लहान, पन्नास-साठ पावलांची; पण बुंधे इतके दाट की सरळ वाट क्वचितच सापडे. उजव्या हाताने छातीपासून बाहेर फेकलेली चकती वेग ओसरला की डावीकडे झुकते. समोरून वारा आला तर नाक वर करून उंच चढते आणि भलतीकडेच पडते. आडदांड मुले बुंध्यांवर चकत्या आपटत राहिली. बारीक चणीच्या मुली हळू, नेमके फेकत पुढे गेल्या. नियम दोनच मोठे. चकती जिथे थांबली तिथूनच पुढची फेक, आणि जो टोपलीपासून सर्वांत दूर त्याला आधी संधी. पंच नाही. ज्याची फेक त्यानेच मोजायची.

माझ्या गटात आठवीतील एक मुलगी पुठ्ठ्यावर आकडे लिहीत होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे, म्हणून ती आपल्याकडे राहते. सहाव्या टोपलीपाशी माझी चकती बुंध्यावर आदळून केवड्यात पडली. काटे चुकवत ती काढली, पुन्हा फेकली, पुन्हा बुंधा. टोपलीपाशी पोहोचलो तेव्हा तिने विचारले, “सर, किती?”

“चार,” मी म्हणालो. होत्या पाच.

तिने चार लिहिले. पुढच्या टोपलीला तिची चकती घामाने निसटून पायापाशी पडली. मी म्हणालो, “ही धरू नकोस.” ती म्हणाली, “हातातून सुटली की धरायची, सर. तुम्हीच सांगितलंय.” शेवटी दोघांची बेरीज एकतीस झाली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मुक्कामी वंदना झाली. तीस वर्षे मी पंचशील म्हणवून घेत आलो आहे. चौथ्या शीलाशी, मुसावादा वेरमणीशी, माझा आवाज अडखळला. मुलांना वाटले, सरांना समुद्राचा वारा बाधला.

पहाटे ती नळावर तोंड धूत होती. मी म्हणालो, “काल सहाव्या टोपलीला माझ्या पाच फेकी झाल्या होत्या.”

“माहीत आहे, सर. मी मोजल्या होत्या.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमची फेक तुम्ही मोजायची ना?”

तिने दप्तरातून पुठ्ठा काढला, चाराचे पाच केले, एकतीसचे बत्तीस केले आणि तो सहीसाठी माझ्यापुढे धरला. स्वतःच्या एकतीसभोवती तिने पेन्सिलीने गोल काढला होता. मी सही केली.