मागचा दिवा

आमच्या इमारतीमागे जो पिकअप उभा असतो तो आमचा नाही, बकाल्याच्या मालकाचा आहे. बकाला म्हणजे इथलं, कुवेतमधलं, किराणा दुकान. सकाळी भाजीचे खोके आणायचे, दिवसभर घरोघर माल पोचवायचा आणि रात्री गाडी खैतानला आमच्याकडे, अशी रीत आहे. चावी आमच्याकडे म्हणजे गाडीची जबाबदारीही आमचीच.

त्या दिवशी मगरिबनंतर काळोख पडला होता. आमच्यातला एक गाडीत होता, पिकअप मागे घेऊन भिंतीला लावत होता. दुसरी पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत, हाताला पीठ लागलेलं. शेजारच्या मिसरी कुटुंबातला सहा वर्षांचा मुलगा चेंडूमागे धावत आला आणि गाडीच्या बरोबर मागे वाकला. आरशात तो दिसण्यासारखा नव्हता. खिडकीतून जी किंकाळी गेली ती ऐकून ब्रेक लागला. चाक आणि चेंडू यांच्यात वीतभर अंतर होतं. मुलाने चेंडू उचलला आणि काही झालंच नाही असा पळून गेला.

त्या रात्री आम्हा दोघांनाही घास उतरला नाही. कारण रिव्हर्सचे दिवे लागत नाहीत हे आम्हाला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. चारी इंडिकेटर लावून गाडी मागे घ्यायची आणि "जुम्म्याला बघू" म्हणायचं, असे तीन जुम्मे गेले होते.

दुसऱ्याच दिवशी गाडी जवळच्या एका वर्कशॉपला नेली. त्यांनी मागचे दोन्ही बल्ब बदलले, पैसे घेतले, आणि दिवे काही लागले नाहीत. मग म्हणाले, डॅशबोर्डवर एक बटण बसवून देतो, रिव्हर्स घेताना दाबायचं. खरं सांगायचं तर आमच्यातला एक याला तयार झाला होता. दुसरीने विचारलं, "आणि दाबायला विसरलात तर? की बंद करायला विसरून रस्त्याने पांढरे दिवे लावत जाणार? मागच्याला वाटेल गाडी उलटी येते आहे." बटण राहिलं.

शुवैखच्या सनाइयात, जिथे गल्लीच्या गल्ल्या गॅरेज आणि सुट्या भागांच्या दुकानांनी भरलेल्या आहेत, तिथे एकाने गिअरबॉक्सचा स्विच गेला असं न बघताच सांगितलं. नवा अठ्ठावीस दिनारला. मालक "बिल आण" म्हणाला असता, पण अंदाजाने घेतलेल्या वस्तूचं बिल त्याच्यापुढे ठेवायला मन होईना.

तेव्हा अब्बांना फोन लावला. अब्बा (एकीचे वडील, एकाचे सासरे) खेडच्या एस.टी. आगारात इलेक्ट्रिशियन होते. ऑटोमॅटिक गाडी त्यांनी उभ्या जन्मात उघडली नाही. "क्लच नाही तर डावा पाय काय करतो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पण पुढचं बोलणं कामाचं होतं. दोन्ही दिवे एकाच दिवशी जात नसतात, ते म्हणाले, तेव्हा दोघांची वायर जिथे एक होते तिथपासून शोधा. आणि वस्तू विकत घेण्याआधी करंट कुठपर्यंत येतो ते बघा.

त्यांनीच टेस्ट लॅम्प करायला लावला. एक होल्डर, छोटा बल्ब, दोन वायरी. "एस.टी. चोवीस व्होल्टची, तुमची बारा. बल्ब बाराचाच घ्या," हे दोनदा बजावलं. एक वायर बॉडीच्या कोऱ्या लोखंडाला, दुसरी जिथे तपासायचं तिथे.

फ्यूज ठीक होता. आमच्या गाडीत त्याच फ्यूजवर इंडिकेटर आहेत आणि ते तर रोज लागत होते. हे आधी सुचलं असतं तर तेवढा वेळ वाचला असता. मागच्या कनेक्टरला मात्र रिव्हर्समध्ये करंट नव्हता. म्हणजे खोट पुढे.

ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या कुशीला, गिअरच्या दांडीची केबल जिथे येते तिथे एक चपटा स्विच असतो. दांडी पी, आर, एन, डी यांपैकी कुठे आहे हे तो गाडीला सांगतो. पी किंवा एन असेल तरच स्टार्टर फिरू देतो, आर असेल तर मागचे दिवे लावतो. दोन्ही कामं एकाच स्विचची, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चाकांना लाकडं लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद आणि चावी फक्त ऑनवर. एक खाली रेतीत पाठीवर, एक सीटवर बसून ब्रेक दाबून दांडी आरमध्ये. स्विचमध्ये येणाऱ्या वायरीला लॅम्प लागला, बाहेर जाणाऱ्या वायरीला लागला नाही. मग कनेक्टर काढून त्या दोन वायरी क्षणभर तारेने जोडल्या. मागे पायरीवर बसलेला तोच मिसरी मुलगा ओरडला, "नूर! नूर!" दिवे लागले होते. म्हणजे तिथून मागे सगळी वायरिंग धड होती.

"मग स्विचच गेला," खालून आवाज आला. त्यावर सीटवरून प्रश्न आला, "अहो, तुम्ही हल्ली सकाळी गाडी एनमध्ये टाकून का सुरू करता?"

कारण पीमध्ये ती कधी सुरू होई, कधी नाही. एनमध्ये टाकून दांडी जराशी दाबून धरली की होई. बॅटरी जुनी झाली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. हे कधीपासून? गिअरबॉक्सचं तेल गळत होतं म्हणून वर्कशॉपला दिली होती तेव्हापासून. तिथे स्विच काढून परत बसवताना तो किंचित फिरला होता. मोडला नव्हता, जागेवर नव्हता.

दांडी एनमध्ये ठेवली, स्विचचे दोन बोल्ट सैल केले. स्विचवरची रेघ आणि दांडीच्या आसावरची खाच समोरासमोर आणली, बोल्ट आवळले. दहा मिनिटांचं काम, आणि खर्च शून्य. अब्बांना कळवलं तेव्हा त्यांनी शाबासकी देण्याआधी विचारलं, "पीमध्ये सुरू होते? एनमध्ये? आता ब्रेक दाबून आर आणि डीमध्ये चावी फिरवून बघा." तिथे ती सुरू झाली नाही. "मग ठीक," ते म्हणाले. आर-डीमध्ये सुरू होणारी गाडी अंधारात मागे घेतलेल्या गाडीहून वाईट, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही सांदणं केली आणि ताट घेऊन शेजारी गेलो. त्या दिवशीची गोष्ट आम्ही मुलाच्या आईला सांगितली नव्हती. मोडक्यातोडक्या अरबीत सांगितली. दिवे बंद आहेत हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, हेही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, मुलाने त्याच रात्री सगळं सांगितलं होतं, आणि तुम्ही कधी येता याची मी वाट बघत होते.

ताट दुसऱ्या दिवशी बसबूसाने भरून परत आलं.