खुब्यातून वाकताना

केटलबेल म्हणजे वर जाड कडीसारखी मूठ असलेला बिडाचा गोळा. रशियातील बाजारात माल तोलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वजनांपासून तो घडला असे मानले जाते. त्याचे वजनही तेथील ‘पूड’ या जुन्या परिमाणात, म्हणजे सुमारे १६.३८ किलोच्या हिशेबात सांगितले जात असे. आजही १६, २४ आणि ३२ किलोचे गोळे प्रमाण मानले जातात, त्याचे मूळ एक, दीड आणि दोन पुडांच्या या मापात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट पीटर्सबर्ग येथील डॉक्टर व्लादिस्लाव्ह क्रायेव्स्की यांनी त्याला व्यायामसाधन म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुढे सोव्हिएत काळात त्याच्या नियमबद्ध स्पर्धा होऊ लागल्या.

लोखंडी चकत्या कमीजास्त करून डंबेलचे वजन बदलता येते, तशी सोय ओतीव केटलबेलमध्ये नसते. त्यामुळे विशीत घेतलेला गोळा साठीतही तेवढ्याच वजनाचा राहतो. बदलते ते त्याच्याकडून काय मागायचे, एवढेच.

विशीतला माणूस त्याच्याकडे वेग मागतो. दोन्ही पायांमधून गोळा मागे नेऊन छातीपर्यंत झोकण्याची ‘स्विंग’ ही क्रिया त्याला पहिल्याच दिवशी करायची असते, आणि नेमकी तीच सर्वांत उशिरा शिकायची आहे. गोळ्याचा भार मुठीच्या खाली असल्यामुळे झोक्यासरशी तो शरीराला पुढे ओढतो. हा ओढा पाठीच्या कण्यावर न घेता खुब्याच्या सांध्यावर, म्हणजे मांडीचे हाड कमरेच्या हाडात बसते तेथे घेणे, हीच सुरक्षित सुरुवातीची गुरुकिल्ली होय. त्यासाठी आधी गोळ्याची गरजच नसते. एक साधी काठी पाठीवर उभी धरावी. ती डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली असावी. मग गुडघे किंचित सैल सोडून, मागचे दार कुल्ल्यांनी ढकलावे तसे वाकावे. तिन्हींपैकी एकही ठिकाण सुटले की पाठ वाकली असे समजावे. काठी न सुटता वाकता येऊ लागल्यावर जमिनीवरचा गोळा नुसता उचलून ठेवण्याचा, म्हणजे ‘डेडलिफ्ट’चा सराव करावा आणि स्विंगकडे त्यानंतरच वळावे. सामान्यतः स्त्रियांनी ८ आणि पुरुषांनी १२ किंवा १६ किलोपासून आरंभ करणे योग्य ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे मान राखायचा तो आकड्याचा नव्हे, पाठीचा.

चाळिशीत तोच गोळा वेगळ्या शरीरासमोर येतो. दिवसभर खुर्चीत बसून खुबे आखडलेले असतात, मग वाकण्याचे काम कंबर करू लागते आणि जुने दुखणे डोके वर काढते. उच्च रक्तदाब, मणक्याच्या चकतीचा त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय गोळ्याला हात लावू नये. जोर लावताना श्वास रोखल्यास रक्तदाब एकदम चढतो, म्हणून जोराच्या क्षणी श्वास बाहेर सोडावा. मऊ तळव्याचे बूट टाळावेत, कारण त्यात टाच डळमळते. समोर कोणी उभे नसावे, आणि गोळा निसटलाच तर त्याला सावरू न जाता मूठ सोडून बाजूला व्हावे. पहिली चूक दिसताच थांबावे, मग त्या दिवशी ठरवलेली संख्या अपुरी राहिली तरी चालेल.

साठीच्या पुढे स्विंगपेक्षा ‘टर्किश गेट-अप’ ही क्रिया मोलाची वाटू लागते. उताणे पडून, एका हाताने गोळा सरळ वर तोलून धरत, आधी कोपरावर, मग तळहातावर, नंतर एका गुडघ्यावर आणि शेवटी उभे राहायचे, असा तिचा क्रम असतो; जमिनीवरून स्वतःच्या बळावर उठणे ही या वयाची खरी गरज आहे. तिचा सराव रिकाम्या मुठीने सुरू करावा, मग मुठीवर बूट ठेवून करावा. बूट पडला तर केवळ चूक कळते, इजा होत नाही. तो न पडता वर जाता आले, तरी गोळा घेण्याची घाई करू नये, कारण त्याच मार्गाने खाली परतणे उठण्याहून अवघड असते आणि तेथे दमलेला खांदा प्रथम ढळतो.