चिखलाची किनार

आमच्या नागपुराला समुद्र नाही, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेलेही नाही. मुंबईचा समुद्र रेल्वेने ८०० किलोमीटरांहून दूर. संत्र्याच्या पेट्या तिकडे जातात, एवढाच काय तो आमचा त्याच्याशी व्यवहार. तरीही समुद्रकाठी वावरणारे काही पाहुणे दर हिवाळ्यात आमच्या दारी येतात.

अंबाझरीचा तलाव १८७० साली शहराच्या पाण्यासाठी बांधला. बांधणाऱ्यांच्या मनात पाखरे खासच नव्हती. पण पावसाळा सरून पाणी ओसरू लागले, की काठाशी ओल्या चिखलाची एक किनार उघडी पडते, आणि तेवढीच या पाहुण्यांना हवी असते. शाळेच्या घंटेआधी तासभर मी कॅमेरा घेऊन तिथे बसतो. पौषातले धुके पाण्यावरून हलत नाही. खडक कोणता आणि पाखरू कोणते, हे कळायला धीर लागतो. मग एखादा खडक शेपूट हलवू लागतो. तो तुतवार! पलीकडे गुलाबी पायांचा शेकाट्या खोल पाण्यात उभा असतो, आणि अगदी काठाशी छोटा टिलवा टिपटिप चोच मारीत धावत असतो. ज्याचे पाय नि चोच जेवढी लांब, तेवढे त्याचे ताट पाण्यात पुढे. पंगतीत भांडण म्हणून नाही.

हा टिलवा वजनाने जेमतेम २५ ग्रॅमचा. त्याचे घरटे युरोप-आशियाच्या पार उत्तरेला, ध्रुवाजवळच्या उजाड माळावर. वर्गातल्या नकाशावर मी मुलांकडून दोऱ्याने अंतर मोजवले. सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यापासून नागपूर ५,००० किलोमीटरांहून अधिक भरले. त्याच्याच गोतातल्या एका मोठ्या पाखराने तर २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता, ११ दिवसांत पार केले. तेही अवघे पाच महिन्यांचे पिल्लू! मुले गप्प झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, "गुरुजी, एवढ्या दुरून आलं आन् इथं चिखलच नसला तर?"

हा प्रश्न मला घरापर्यंत पुरला. शहरातल्या एका लहान तलावाची माझ्याजवळ दोन छायाचित्रे आहेत. एकात चिखल आहे नि सात तुतवार. दुसऱ्यात सुरेख दगडी भिंत आहे, फरसबंदी आहे, बाके आहेत. पाणी थेट भिंतीला टेकलेले. पाखरू एकही नाही. पाण्याची कमतरता नाही हो, काठच नाही!

जाळे टाकणारा एक म्हातारा ढिवर मला नेहमी विचारतो, "गुर्जी, चिखलाचे फोटू काहाडून का करता?" मी म्हणतो, "बाबा, हा चिखल म्हणजे त्यांची शिदोरी आहे." परतीच्या वाटेवर लागणारी चरबी ही पाखरे निघण्याआधी अशाच काठांवर, किडे-अळ्या वेचून अंगावर चढवतात.

मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. पाखरांची किती तरी मराठी नावे त्यांनी आपल्यासाठी वेचून ठेवली. नावे तर राहिली. आता ती ज्यांची आहेत, त्यांना पाय टेकायला जागा राहिली पाहिजे. फराळ आटोपला, की एका सकाळी मुलांना जवळच्या तलावावर न्या. पाय चिखलाने भरले, तर रागावू नका.