शमीचे झाड आणि दोन समुद्र



२०२२ सालच्या हनुक्काच्या सुट्टीत आम्ही उभयता दोन नातवंडांना घेऊन बहारीनला गेलो. त्या वर्षी तेल अवीवहून थेट विमान होते. नातीला शाळेचा अभ्यास होता : वहीत दोन रकाने आखा, एकात सजीव, दुसऱ्यात निर्जीव.

मनामापासून सुमारे ४० कि.मी. वर वाळवंटात ‘शजरत अल-हयात’, म्हणजे जीवनवृक्ष आहे. चहूकडे वाळू आणि मध्ये सुमारे ४०० वर्षांचे एकटे हिरवे झाड. पाने पाहून आम्ही म्हटले, “अगं, ही तर आपली शमी!” पांडवांनी शस्त्रे लपवली ती. दसऱ्याला शेजारी ही गोष्ट सांगायचे.

नातीने लिहिले : झाड सजीव, वाळू निर्जीव. नातू म्हणाला, “पण आजी, पाणी कुठाय?”

पाणी जमिनीखाली. शमीची मुळे ओल शोधत फार खोल जातात. बहारीन म्हणजे ‘दोन समुद्र’. पूर्वी इथे खाऱ्या समुद्राच्या तळातूनही गोड्या पाण्याचे झरे उसळत. मोती काढणारे पाणबुडे पखाल घेऊन बुडी मारत आणि खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी भरून आणत! हजारो वर्षांपूर्वी अरबस्तानात पडलेला पाऊस चुनखडीच्या खडकातून वाहत इथवर येई. विसाव्या शतकात पंप आले, उपसा वाढला. गोडे पाणी हटले, त्या जागी खारे शिरले. झरे आटले, खजुराच्या बागा सुकल्या. आता पिण्याचे पाणी बहुतेक समुद्राचे खारेपण काढूनच मिळते.

हे मुलांना सांगताना आम्हांला अलिबागकडची आमची वाडी आठवली. वडील नको म्हणत असता आम्ही हट्टाने विहिरीवर पंप बसवला. काही वर्षांत पाणी मचूळ झाले, नारळीच्या झावळ्या पिवळ्या पडल्या. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “विहिरीलापण विसावा लागतो रे.” ही चूक आम्ही नातवंडांना प्रथमच सांगितली.

नात गप्प बसली. मग तिने निर्जीव रकान्यातले ‘पाणी’ पुसले, आणि सजीव रकान्यातली शमी, खजूर, नारळ, शेवटी स्वतःचे नावही पुसले.

मुलांनो, तुम्हीही असे दोन रकाने आखा. निर्जीवातली एकेक गोष्ट पुसा, आणि सजीवात कोण उरते ते आजी-आजोबांना वाचून दाखवा.