एक झाड, दोन किडे

इचिकावा टोकियोला अगदी लागून, मध्ये फक्त एदो नदी. शहराच्या उत्तरेला ओमाची इथे प्राणिसंग्रहालय आहे आणि त्याला लागूनच ओढ्याकाठचं रान. इथल्या मुलांना, आणि आता आपल्याही मुलांना, उन्हाळा म्हटलं की आठवतो तो काबुतोमुशी.

हा डोक्यावर शिंग मिरवणारा भुंगा. जुलै-ऑगस्टच्या रात्री कोनारा, कुनुगी या ओक वृक्षांच्या खोडातून झिरपणारा रस तो पितो. त्याची अळी जमिनीत कुजलेला पाचोळा खाऊन वाढते. झाडानं सांडलेलं आणि टाकून दिलेलं, तेवढ्यावर त्याचा संसार चालतो.

दुसरा किडा काशिनागा, जेमतेम पाच मिलिमीटरचा. नर खोडात भोक पाडतो आणि गंध सोडून इतरांना बोलावतो. मादी पाठीवरच्या बारीक खळग्यांतून बुरशीचं बियाणं आणते. बोगद्यात बुरशी पिकवून दोघं पिल्लं वाढवतात. आपल्याकडची वाळवीही वारुळात बुरशीची शेती करतेच की! पण काशिनागासोबत एक घातक बुरशीही येते. जपानी संशोधकांनी 2002 साली तिला नाव दिलं. तिच्यामुळे खोडातल्या पाण्याच्या वाटा बंद होतात आणि भर उन्हाळ्यात झाड तांबूस होऊन वाळतं. कोनारा गेला की काबुतोमुशीचा रसही गेला आणि पाचोळाही.

काशिनागा काही परदेशातून आलेला नाही, तो इथलाच. मग आताच एवढा का माजला? पूर्वी गावकरी सरपण-कोळशासाठी ही झाडं पंधरा-वीस वर्षांनी तोडत. बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटत. 1960 च्या सुमारास घरोघरी गॅस आणि रॉकेल आलं, कुऱ्हाड थांबली, खोडं जाडजूड झाली. काशिनागाला नेमकी अशीच झाडं मानवतात.

आपल्याकडे देवराईला कोणी हात लावत नाही, तरी कोकणात राबासाठी ऐनाचे कवळ तोडतातच. कुठलं रान राखायचं आणि कुठलं वापरून जगवायचं, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. इथल्या रानाला कुऱ्हाडीपेक्षा माणसाचा विसर जास्त भोवला.

पुढच्या उन्हाळ्यात आजी-आजोबा आले की त्यांना या रानात जरूर न्या. काबुतोमुशी मुलं दाखवतीलच. तुम्ही कोनाराच्या बुंध्याशी बारीक भुसा पडलाय का, तेवढं बघा.